ठरलं एक, केलं दुसरं
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं मनोगत)



गुजरातच्या अभ्यासदौऱ्याहून आम्ही १७ जणी सुखरूप परत आलो. कागदावर असं ठरलं होतं: शुक्रवारी नाशिकहून सापुतारा घाटाने आणंद, शनिवारी सकाळी दूध संस्था बघून अहमदाबादला ‘सेवा’, रविवारी परत. आम्ही अहमदाबादला गेलोच नाही. पैसा तुमच्या निधीतला, म्हणून का गेलो नाही ते मी सांगायला हवं.

सापुताऱ्याच्या घाटात ट्रक उलटलेला. ५ तास गाडी जागची हलली नाही. वघईला पोचेस्तोवर अंधार पडला. पुढे चिखली, सुरत, भरूच, वडोदरा आणि मग आणंद. निम्म्याहून जास्त रस्ता बाकी. मी ड्रायव्हरदादांना म्हटलं, “रात्रभर चालवा, सकाळचं दूध संकलन गाठू.” मागून एक मावशी म्हणाल्या, “पोरी, ते पहाटेपासून जागे आहेत. त्यांनाही लेकरं आहेत, आम्हालाही.”

खरं सांगते, मला आधी राग आला. नियोजन माझं होतं. बदललं तर माझी चूक दिसेल, असं वाटलं. चूक होतीच. एवढं अंतर एका दिवसात बसवलं आणि अडचणीसाठी तासभरही ठेवला नव्हता.

मग गाडीतच बैठक घेतली. वांसद्याला मुक्काम करायचा, हे लगेच ठरलं. दोन्ही ठिकाणं बघायला एक दिवस वाढवू, असं बहुतेकींचं म्हणणं. तेवढ्यात पहिल्यांदाच गावाबाहेर राहिलेली एक ताई हळूच म्हणाली, “मी रविवारी येते सांगून आलेय. सोमवार उजाडला तर पुन्हा मला सोडणार नाहीत.”

हात वर करून मत घेतलं असतं तर ती एकटी हरली असती. म्हणून मत घेतलंच नाही. अहमदाबाद सोडलं.

नुकसान झालं, ते लपवत नाही. इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली उभी केलेली ‘सेवा’, १९७४ साली सुरू झालेली बायकांची स्वतःची बँक, हे बघायचं राहिलं.

पण आणंदजवळच्या गावात शनिवारी संध्याकाळचं संकलन निवांत बघता आलं. बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या. दूध मोजलं, फॅट तपासलं, नोंद झाली. भाव फॅटप्रमाणे. गावात दूध संस्था, जिल्ह्यात संघ, राज्यात महासंघ. खेडा जिल्ह्याचा संघ १९४६ सालचा. आपल्या मावशी लगेच म्हणाल्या, “म्हणजे आपला गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ, तसंच की!”

रविवारी रात्री ती ताई घरी पोचली.

पुढच्या दौऱ्यासाठी चार गोष्टी ठरावात घ्या, अशी विनंती करते. एका दिवसात एकच मोठं ठिकाण. रात्री गाडी चालवायची नाही. अडचणीसाठी थोडे पैसे वेगळे ठेवायचे आणि पावती घ्यायची. आणि रस्त्यात बेत बदलायची वेळ आली तर निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा; जिची अडचण मोठी, तिचं आधी ऐकायचं.

उरलेले पैसे खात्यात भरलेत, हिशोब सचिवताईंकडे आहे, जरूर बघा. अहमदाबादसाठी नावं घेणं सुरू आहे. पहिलं नाव त्याच ताईचं आहे.