शीतखोलीच्या भिंतींत मुरलेलें पाणी

घराच्या भिंतीला ओल आली, तर ती डोळ्यांना दिसते. रंगाचे पोपडे सुटतात आणि घरधनी गवंड्याला बोलावणें पाठवितो. शीतखोलीच्या भिंतींतील ओल मात्र वर्षानुवर्षें लपून राहते; तिची पहिली वार्ता येते ती विजेच्या बिलांतून. मासळी, मांस वा आइस्क्रीम ठेवण्यासाठीं मोठ्या हॉटेलांत, बंदरांवर आणि कारखान्यांत अशा खोल्या असतात. त्यांत माणूस सहज चालत जाऊं शकतो. आंतील उष्णमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खालीं राखावें लागतें. खोली जुनी झाली, कीं यंत्र अहोरात्र चालूनहि कांटा तेथवर उतरत नाहीं. मालक यंत्राला दोष देतो आणि अधिक शक्तीचें यंत्र आणवितो. दोष पुष्कळदां भिंतींत असतो.

याचें मूळ हवेंतील बाष्पांत आहे. श्रावणांतील मुंबईची हवा घ्यावी. ३० अंश उष्णमान आणि शेंकडा ८० आर्द्रता असतां एका घनमीटर हवेंत सुमारें २४ ग्रॅम पाणी बाष्परूपानें असतें. उणे १८ अंशांच्या हवेंत तें जेमतेम १ ग्रॅम मावतें. बाहेर बाष्पाचा दाब अधिक, आंत अत्यल्प. म्हणून पाणी उतारावरून वाहावें, तसें बाष्प रात्रंदिवस भिंतींतून आंत शिरूं पाहतें.

भिंतीच्या पोटांत उष्णतारोधक थर असतो. पूर्वीं तो बुचाच्या फळ्यांचा असे. आज बहुधा फेसाळ प्लॅस्टिकचा असतो. पदार्थ कोणताहि असो, खरें काम करतो तो त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत कोंडलेला वायु. या पोकळ्यांत बाष्प शिरलें, कीं त्याचें पाणी आणि पुढें बर्फ होतें. स्थिर हवेपेक्षां पाणी सुमारें २५ पट, तर बर्फ सुमारें ९० पट उष्णतावाहक आहे. गोधडी भिजली, कीं ऊब देत नाहीं, तोच हा न्याय. शिवाय पाणी गोठतांना शेंकडा ९ नें फुगतें. सांधे उकलतात आणि बाष्पाची वाट अधिकच मोकळी होते.

म्हणून बाष्प अडविणारा पडदा थराच्या बाहेरच्या, उष्ण अंगाला हवा. आंत बर्फ दिसला, कीं आंतूनच जाड लेप देण्याचा मोह होतो. तो उपाय रोगाहून वाईट. बाष्प बाहेरून येतच राहतें, आणि आंतल्या अंगानें थोडें सुकून जाण्याची जी वाट होती, तीहि बुजते.

दुसरी वाट दाराची. दाराची रबरी पट्टी कडक होऊन चिरली, कीं ओली हवा आंत येते आणि यंत्राच्या थंड नळ्यांवर हिम होऊन बसते. दारांत कागदाचा कपटा धरून दार लावावें. तो विनासायास निघून आला, तर पट्टी बदलण्याची वेळ आली असें समजावें. भिंतीला बाहेरून एकाच जागीं घाम येत असेल, तर तेथला थर भिजला असण्याचा संभव मोठा. असा थर थंड खोलींत आपोआप वाळत नाहीं. तो काढून कोरडा बसवावा आणि सांधे बाहेरून बंद करावे.

हा प्रश्न केवळ मालकाच्या खिशाचा नाहीं. उष्णमान वरखालीं होत राहिलें, कीं मासळींतील बर्फाचे कण मोठे होतात, तिचा ओलावा उडतो आणि मांस कोरडें, चिवट होतें. ती मासळी शेवटीं कोणाच्या तरी ताटांत पडते. तेव्हां मोठें यंत्र विकत घेण्यापूर्वीं भिंतीची परीक्षा करावी, हेंच शहाणपणाचें. गळक्या रांजणांत अधिक पाणी ओतल्यानें रांजण भरत नाहीं.