विंधन यंत्राची हवा आणि तिच्यातील तेल



गावात विंधन विहिरीचे यंत्र आले की सर्वांचे लक्ष जमिनीत उतरणाऱ्या पोलादी नळांकडे असते. खडक फोडणाऱ्या हातोड्याला बळ देते ती मात्र कॉम्प्रेसरमधील दाबलेली हवा. खडकाचा भुगाही तीच वर फेकते. आज असे पुष्कळ कॉम्प्रेसर स्क्रू जातीचे असतात. स्वीडनचे अभियंते आल्फ लिसहोल्म यांनी १९३० च्या दशकात ही जात विकसित केली. तेल सोडण्याची रीत त्यानंतरची.

यात मळसूत्री आकाराचे दोन दंड एकमेकांत गुंतून फिरतात आणि खाचांतील हवा दाबली जाते. तेथे सोडलेले तेल वंगण देते, फटी बुजविते व उष्णता शोषून घेते. तेलावाचून यंत्र चालावयाचे नाही. पण ते हवेबरोबर बाहेर जाता कामा नये. हे काम तेल-विभाजकाचे.

हवा व तेल यांचे मिश्रण प्रथम बंद टाकीत भिंतीलगत गरगर फिरते. जड तेल भिंतीवर आपटून खाली उतरते. बहुतेक तेल येथेच सुटते. उरलेले असते धुक्याइतके सूक्ष्म. ते आपल्या वजनाने बसत नाही. त्याला काचेच्या अतिबारीक तंतूंच्या थरातून जावे लागते. तंतूंवर कण अडतात, एकमेकांस मिळून थेंब होतात व ओघळून तळाशी येतात. पहाटेचे धुके गवताच्या पात्यावर जमावे तसे. म्हणून याला गाळणी म्हणणे तितकेसे बरोबर नाही. गाळणी चोथा धरून ठेवते; हा थर तेल परत देतो. तळाचे तेल एका बारीक नळीतून पुन्हा यंत्रात जाते. विभाजक सुस्थितीत असल्यास बाहेरच्या हवेत दर घनमीटरला साधारणतः ३ मिलिग्रॅम तेल उरते.

ती बारीक नळी तुंबली, किंवा टाकीत तेल जादा भरले, की तेल हवेबरोबर निघून जाते. थर चोंदला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक वाढतो व डिझेल अधिक जळते. फरक एकाएकी नाहीसा झाला तर थर फाटला असे समजावे.

नव्या विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसला, तर दोष विभाजकाचाच असतो असे नाही. हातोड्याच्या वंगणासाठी हवेत थोडे तेल मुद्दाम सोडतात. हातोडा थांबवून विहीर धुताना ते बंद ठेवता येते. विभाजक निकामी असेल, तर मात्र धुणाऱ्या हवेतूनच तेल पिण्याच्या पाण्यात उतरते. विभाजक केव्हा बदलला व त्यानंतर यंत्र किती तास चालले, ही नोंद ठेकेदाराच्या वहीत असावयास हवी. काम सुरू होण्यापूर्वी ती पाहण्यास ग्रामपंचायतीला पाच मिनिटे पुरतात.