नरसाळ्यातला कचरा आणि वैज्ञानिक दृष्टिकोन

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



'हौसेतलं विज्ञान' या विषयावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं. माझी हौस म्हणजे न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या परसातलं छोटं हवामान केंद्र. पण आज मी बोलणार आहे ते त्याच्या देखभालीबद्दल, म्हणजे खरं तर मी न केलेल्या देखभालीबद्दल.

हे केंद्र मी 2014 साली बसवलं. खांबावर वाऱ्याचा वेगमापक, पांढऱ्या चकत्यांच्या आवरणात तापमापक आणि आर्द्रतामापक, बाजूला पर्जन्यमापक. दर काही मिनिटांनी सगळे आकडे इंटरनेटवर जात. ओळखीची मंडळी ते बघत, फोन करून विचारत. मला अर्थातच बरं वाटायचं. पहिली दोन वर्षं मी नियमाने साफसफाई केली. पुढे नोकरी, मुलांच्या शाळा, भारतातल्या फेऱ्या. आकडे येत होते, म्हणजे यंत्र ठीक आहे, असं मी धरून चाललो.

1 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी आयडा वादळाचा उरलेला पाऊस आमच्या भागात कोसळला. नेवार्कला त्या एका दिवसात 8.41 इंच पावसाची नोंद झाली. आमच्यापासून मैलभरावर राहणाऱ्या मित्राने रात्री नऊच्या सुमारास माझ्या केंद्राचा आकडा पाहिला. जेमतेम दीड इंच. 'एवढ्याने काही होत नाही' म्हणून तो निर्धास्त झाला. त्याचे वडील पुण्याहून आले होते आणि तळघरातल्या खोलीत झोपत असत. तासाभरात तिथे गुडघाभर पाणी झालं. वडिलांना हाताला धरून वर आणलं, सगळे सुखरूप राहिले. मित्राने मला कधी बोल लावला नाही. पण त्याच रात्री न्यू यॉर्कमध्ये तळघरांतल्या घरांत माणसं बुडून गेली, हे सकाळी वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

शिडी लावून वर चढलो. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात मेपलच्या बिया, पक्ष्याची विष्ठा आणि कोळ्याचं जाळं यांचा घट्ट बोळा बसला होता. नरसाळ्याखाली तराजूसारख्या दोन छोट्या पळ्या असतात. एक भरली की कलंडते आणि दुसरी वर येते. प्रत्येक कलंडण्याला पावसाचा शंभरावा भाग इंच मोजला जातो. माझ्या नरसाळ्यातून पाणी थेंबथेंब झिरपत होतं आणि बाकीचं काठावरून वाहून जात होतं.

मला जास्त लागलं ते पुढचं. जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तर पाऊस थांबल्यावरही तासन् तास यंत्र 'रिमझिम' दाखवत होतं, आणि हे कित्येक महिने चाललं होतं. तुंबलेल्या पर्जन्यमापकाची हीच खूण. प्रयोगशाळेत कोणी असा आलेख दाखवला असता तर मी लगेच उपकरण तपासायला सांगितलं असतं. घरच्या यंत्राला मात्र मी प्रश्नच विचारला नाही.

एका परसातल्या आकड्याने असा काय फरक पडतो, असं कोणी म्हणेल. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात 28 जुलै 1997 च्या पुरात पाच जण गेले. गावाच्या एका टोकाला 14 इंचांहून अधिक पाऊस झाला होता आणि काही मैलांवर साधारण दोन इंच. मधे काय चाललं आहे हे वेळेवर कळायला पुरेशी मोजमापं नव्हती. त्यातून 1998 मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञांनी घरोघरच्या स्वयंसेवकांकडून पाऊस मोजून घेण्याचा 'कोकोराज' हा उपक्रम सुरू केला. आपल्याला तर मुंबईचं उदाहरण पाठ आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर आणि वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला 73. कुलाब्याच्या आकड्यावर विसंबून कुर्ल्यातल्या माणसाने काय करायचं?

म्हणून आता मी काय करतो ते सांगतो. दर महिन्याला आणि पानगळीत दर आठवड्याला नरसाळं साफ करतो. वर्षातून दोनदा त्यात मोजून पाणी ओततो. माझ्या मापकाच्या तोंडाचा व्यास साडेसहा इंच आहे, म्हणजे एक इंच पावसाला सुमारे 543 मिलिलिटर पाणी. तेवढं अगदी सावकाश ओतलं की शंभराच्या आसपास नोंदी व्हायला हव्यात. आर्द्रतामापकासाठी आपल्या स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं. मीठ थोड्या पाण्यात कालवून बंद डब्यात ठेवलं, की काही तासांनी आतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या जवळ स्थिरावते. मिठाचा स्पर्श होऊ न देता मापक त्यात ठेवायचा आणि आकडा ताडून पाहायचा. तापमापकाच्या चकत्या धुतो, कारण त्या मळल्या की ऊन शोषतात आणि आकडा चढतो. शेजारी चार इंच व्यासाचा साधा हाताने वाचायचा पर्जन्यमापकही लावला आहे. दोघांत फरक दिसला की आधी शिडी काढतो.

आपल्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, हत्ती, मेंढा. लहानपणी आजोबा ते वाचून दाखवत. ते खरं ठरलं की सगळ्यांना आठवायचं, खोटं ठरलं की कोणी वही काढून लिहून ठेवत नसे. आपण या मंचावर अंधश्रद्धेवर खूप बोलतो. पण जे यंत्र तपासलंच नाही, त्याच्या आकड्यावर मी सात वर्षं ठेवला तो विश्वास आजोबांच्या विश्वासाहून फारसा वेगळा नव्हता. माझ्याजवळ दशांश चिन्ह होतं, एवढंच. यंत्र चुकतं यात लाज नाही. ती चूक पकडता येते, हीच तर विज्ञानाची जमेची बाजू. मात्र पकडायला कोणीतरी शिडीवर चढावं लागतं.

लाँग आयलंडवरच्या ब्रिजहॅम्प्टनचे शेतकरी रिचर्ड हेंड्रिक्सन 1930 पासून ऐंशीहून अधिक वर्षं रोज हवामानाच्या नोंदी सरकारी हवामान खात्याला देत राहिले. पण अशा स्वयंसेवकांमागे खातं भक्कम असावं लागतं. 2025 मध्ये त्या खात्यातली शेकडो माणसं कमी झाली आणि काही ठिकाणी हवामानाचे फुगे सोडणं थांबवावं लागलं. आपल्या परसातली यंत्रं त्याची जागा घेऊ शकत नाहीत, हे आपल्या लोकप्रतिनिधींना सांगायला हवं. मुंबईतही 2005 नंतर स्वयंचलित केंद्रं बसवली गेली. अशा कामांना आपण इथून देणग्या देतो, तेव्हा किती यंत्रं बसवली हे विचारतो. ती साफ कोण करणार आणि त्याच्या पगाराची सोय आहे का, हेही यापुढे विचारू या.

त्या मित्राचे वडील आता पुण्यात असतात. फोनवर माझ्याशी बोलताना हसत विचारतात, "काय रे, नरसाळं साफ आहे ना?" आज सकाळी केलं आहे, एवढं मी तुम्हालाही सांगू शकतो.