मंगळावरचा दगड आणि आपली वही

गेल्या बैठकीत हिशेबाआधी आम्ही एका दगडाची गोष्ट वाचली.

१९८४ साली अंटार्क्टिकाच्या बर्फावर रॉबर्टा स्कोर या बाईंना आकाशातून पडलेला, सुमारे दोन किलोचा दगड सापडला. तो मंगळावरचा आहे, हे कळायलाच जवळजवळ दहा वर्षं गेली. वय चारशे कोटी वर्षांच्या आसपास!

१९९६मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, यात मंगळावरच्या प्राचीन सूक्ष्म जीवांच्या खुणा असाव्यात. आत अळीसारखे बारीक आकार दिसत होते. बातमी जगभर गाजली. मग इतरांनी तपासलं. तसे आकार जीवाशिवायही बनू शकतात, असं दिसलं. आज बहुतेक शास्त्रज्ञ तो पुरावा पुरेसा मानत नाहीत.

एक ताई म्हणाली, "म्हणजे मेहनत वायाच की!" आम्हाला तसं वाटत नाही. पुरावा कशाला म्हणायचं, हे त्या दगडाने शिकवलं.

आपल्या गटाची अध्यक्षा कितीही भली असो, आपण वही पासबुकाशी ताडून बघतोच. त्यात कुणाचा अपमान नाही. उद्या दारात कुणी पैसे दुप्पट करून देतो म्हणाला, तर आधी विचारू या, "हे ताडून कुणी बघितलं?"