विमानाची निगा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृती सांगते, कोणी यात्रेची हकीकत वाचते. यंदा चिटणीसबाईंनी मला गळ घातली, की तुमचे यजमान विमाने दुरुस्त करतात, तर त्याविषयी चार शब्द बोला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विमानात मी अद्याप बसलेली नाही. परंतु ज्या घरात वीस वर्षे रात्रीच्या जेवणाबरोबर विमानांच्या तक्रारीही ताटात येतात, त्या घरातल्या बाईच्या कानांवर पुष्कळ पडते. जे समजले नाही ते मी विचारून घेतले. तेच आज सांगते.

बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी वैमानिक तयार करणाऱ्या शाळा निघाल्या, तशीच एक आपल्या गावाबाहेर आहे. आपल्या मंडळातल्या दोघींच्या मुली तिथे शिकतात. पुष्कळदा मला विचारतात, "अहो, ते विमान आज पुन्हा उघडून ठेवले आहे म्हणे! असले नादुरुस्त विमान मुलींच्या हाती देतात तरी कसे?" भगिनींनो, उघडून ठेवलेल्या विमानाची काळजी करू नये. कित्येक दिवसांत कोणी उघडलेच नाही, अशा विमानाची करावी.

तिथली दोन आसनी सेसना १५२ ही विमाने १९७७ ते १९८५ या काळात बनलेली आहेत. म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाची! तरी ती उडतात, कारण त्यांची निगा वर्षांवर नाही, तासांवर चालते. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर तेल बदलायचे, १०० तासांनी सगळे विमान उघडून तपासायचे. जुने तेल गाळणारी डबी नुसती फेकत नाहीत. ती कापून आतला कागद उलगडतात आणि उजेडात धरून पाहतात. त्यात चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवतात. कण चिकटले तर लोखंडाचा भाग झिजतो आहे, न चिकटले तर दुसऱ्या धातूचा. आपण तांदूळ निवडतो तेव्हा खडा काढून टाकतो आणि विसरतो. तिथे खडा सापडला, की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय पुढे जात नाहीत.

रोज सकाळी पहिले काम पेट्रोलचे. टाकी अर्धी रिकामी राहिली तर रात्रीच्या गारव्याने आत दमट हवेचे पाणी होते. झाकणाचे रबर जुने झाले तर पावसाचेही पाणी शिरते. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून तळाशी बसते. यासाठी पंखाखालच्या तोटीतून थोडे पेट्रोल काचेसारख्या पेल्यात काढून पाहतात. या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसला तर निव्वळ पेट्रोल येईपर्यंत काढत राहायचे. रंग निळा नसला तर विमान जागचे हलवायचे नाही, कारण मोठ्या विमानांचे रॉकेलसारखे इंधन चुकून यात भरले गेले, तर उडाल्यावर इंजिन बंद पडते.

आपल्या ओळखीचा एक शत्रूही तिथे आहे. आपल्या खिडकीत मातीचे घर बांधणारी कुंभारीण! पंखाखाली एक बारीक नळी असते. समोरून येणारा वारा तिच्यात शिरतो, त्यावरून विमानाचा वेग कळतो. कुंभारणीने ती लिंपली, तर वेगाचा काटा खोटे सांगू लागतो. म्हणून विमान उतरले, की त्या नळीवर टोपरे घालायचे आणि निघताना आठवणीने काढायचे. साळुंक्याही इंजिनाच्या तोंडाशी काड्या आणून घालतात, त्या रोज वाकून पाहाव्या लागतात.

दुसरे नवल बर्फाचे. बाहेर आपल्या अंगाला घाम सुटलेला असतो आणि इंजिनाच्या कार्बुरेटरमध्ये बर्फ साचतो! पेट्रोलची वाफ होताना हवा फार गार होते, आणि हवेत ओल असली की त्या ओलीचे बर्फ बनते. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात. अशा वेळी वैमानिक एक दांडी ओढून आत गरम हवा सोडतो. बर्फ वितळू लागला, की इंजिन आधी जास्तच खडखडते. घाबरून दांडी परत ढकलायची नसते, थोडा धीर धरायचा, म्हणजे ते पूर्ववत् चालते. खाली उतरून "इंजिन दमले होते" अशी तक्रार लिहिली, तर पावसाळ्यात आमचे यजमान आधी हेच विचारतात, की दांडी ओढली होती का.

दोष शोधण्याचीही त्यांची रीत आहे. हत्याराला हात लावण्याआधी तक्रार पुरती ऐकायची. केव्हा झाले, इंजिन गार होते की तापलेले, किती फेऱ्यांवर? मग सर्वांत सोपे कारण आधी पाहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कारण चार बदलल्या तर दोष कशाने गेला हे कधीच कळत नाही. काम संपले, की हत्यारे मोजायची. फळीवर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो. एक जागा रिकामी दिसली तर पाना सापडेपर्यंत विमान उडत नाही. शेवटी वहीत लिहायचे आणि परवाना असलेल्या माणसाने खाली सही करायची. माझ्या मते सगळ्यांत जड काम त्या सहीचे आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मुलाचे एकट्याने लांबचे उड्डाण होते. ते पाहायला त्याचे आईवडील सोलापूरकडून आले होते आणि आमच्या शेजारी उतरले होते. या विमानाच्या इंजिनाला चार सिलिंडर आणि ठिणगी पाडणारे आठ प्लग. त्यांना वीज देणारे मॅग्नेटो दोन, चार-चार प्लगांना एक. निघण्याआधी इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर ठेवून एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. फेरे १२५ पेक्षा जास्त उतरता कामा नयेत. त्या दिवशी एका बाजूला ३०० उतरले. कधी प्लगवर काजळी धरते, ती इंजिन जोरात चालवून जाळता येते. तसे केले, गेली नाही. वरिष्ठ म्हणाले, "दुसरा मॅग्नेटो चांगला आहे ना? जाऊ द्या." यजमानांनी सही केली नाही. दिवस फुकट गेला.

संध्याकाळी त्या मुलाची आई आमच्याकडे आली. रागाने म्हणाली, "वहिनी, तुमच्या मिस्टरांनी माझ्या मुलाचा दिवस घालवला." मी चहा ठेवला. यजमानांनी बशीत आठ शेंगदाणे मांडले आणि तिला सगळे समजावले. कोणता सिलिंडर गार राहतो ते पाहून त्यांनी दुपारीच दोष शोधला होता. एका प्लगच्या आतल्या चिनीमातीला केसाएवढा तडा होता. ते म्हणाले, "ताई, दुसरा मॅग्नेटो आहे तो वाटेत पहिला बिघडला तर मुलाला परत आणायला. तो निघतानाच खर्च केला, तर परत कशाने आणायचे?" बाई बराच वेळ बशीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "उद्या तपासाल तेव्हा मला लांबून बघता येईल का?" दुसऱ्या दिवशी ती कुंपणापाशी दोन तास उभी होती. मुलगा तिसऱ्या दिवशी उडाला.

राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले, ते १२ सेकंदांचे. त्यांची नावे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहेत. ते इंजिन सहा आठवड्यांत बनवणारा त्यांचा कारागीर चार्ल्स टेलर. त्याचे नाव मी लग्नानंतर ऐकले. त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांच्या मुली तिथे शिकतात त्यांना, आणि उद्या ज्यांच्या शिकतील त्यांनाही, माझे एवढेच सांगणे आहे. मुलीचा फोन आला, की आज विमान थांबवले, तर "एवढ्यासाठी कशाला?" असे म्हणू नका. "काय निघाले?" असे विचारा. आणि तिलाही सांगा, की काही खटकले तर तक्रार लिहायला लाजू नकोस. थांबवणाऱ्या माणसावर सगळ्यांचा राग असतो. त्याच्या पाठीशी आपण चार जणी उभ्या राहिलो, तर त्याला सही नाकारणे थोडे सोपे जाईल.