फळ्यावरची रोजची ओळ



उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून चार विचार ऐकावेत, ही वहिवाट न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ साली घातली. त्या थोर परंपरेत आमच्यासारख्या शाळामास्तराने फळ्याविषयी बोलावे, हे कोणाला धारिष्ट्य वाटेल. पण आमची सारी पुंजी त्या फळ्यावरच जमली आहे. परिपाठापूर्वी एक शब्द, एक दिनविशेष आणि सामान्य ज्ञानाचा एक प्रश्न खडूने लिहायचा, हे काम आम्ही वर्षानुवर्षे केले. आता तीच ओळ सकाळी घरोघर फोनवर येते. खडू गेला, पण ओळ तीच राहिली.

ह्या ओळीची गोडी कशात आहे? ती आपल्या अंगणातली वस्तू नव्याने दाखवते. आपण जुळे सोलापुरात बसलो आहोत. ‘जुळे’ हा शब्द संस्कृतातल्या ‘युगल’ शब्दाचा नातू. ‘य’चा ‘ज’ होणे ही प्राकृताची जुनी खोड. तिनेच योग्याचा जोगी केला. आपल्या घरातला अडकित्ता घ्या. कन्नडात सुपारीला ‘अडिके’ म्हणतात, आणि हे हत्यार त्याच घरचे. गिरणीच्या माणसाला ज्याची महिनाभर वाट पाहावी लागे, तो ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. चाटी गल्लीत आपण कापड घेतो. ‘चाटी’ म्हणजेच कापडविक्या, हे किती जणांच्या ध्यानी असते? मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ज्या गावात शेजारी शेजारी नांदतात, तेथे असा कण वेचायला लांब जावे लागत नाही.

परंतु गोडीबरोबर एक धोकाही आहे, आणि तो आम्ही स्वतः पत्करला. ‘सोळा गावे मिळून झाले ते सोलापूर’ ही ओळ आम्ही अनेक वर्षे फळ्यावर लिहिली. मुलांनी ती वहीत उतरवली, परीक्षेत लिहिली आणि गुणही मिळवले. एके दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘‘गुरुजी, ती सोळा गावे कोणती?’’ आम्ही पाच-सहा नावे कशीबशी जुळवली आणि गप्प बसलो. त्या दिवशी पुस्तके उघडली. शिवयोगी सिद्धेश्वरांच्या काळच्या, म्हणजे बाराव्या शतकातल्या, शिलालेखांत गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे आहे. मोहोळ तालुक्यातल्या कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत लेखात ते ‘सोनलीपूर’ होते. किल्ल्यातल्या एका लेखात ‘सोनलपूर’. त्यातला ‘न’ गळून सोलापूर झाले असावे, असे अभ्यासक मानतात. सोळाचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा, म्हणून तो टिकला. सोपे असणे निराळे आणि खरे असणे निराळे, हे आम्हांला त्या पोराने शिकवले. दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर नवी ओळ लिहिली, आणि जुनी ओळ चुकीची होती, हेही लिहिले. मास्तराची पत त्याने कमी झाली नाही.

दुसरा अनुभव अधिक बोचरा आहे. बारा जानेवारीचा दिनविशेष आम्ही छापील पुस्तकावरून उतरवीत असू. त्यात राजमाता जिजाऊंची जयंती असे, १८६३ साली जन्मलेल्या स्वामी विवेकानंदांची असे. दोन्ही नावे वंदनीयच. पण १९३१ साली त्याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या आपल्या चौघांना फाशी झाली, ते त्या पुस्तकात नव्हते. मे १९३० मध्ये ह्याच शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला होता. चौघांचे पुतळे चौकात उभे. त्यांच्यावरून आम्ही रोज शाळेला जात होतो, आणि फळा मात्र मुका! दुसऱ्या गावी तयार झालेली यादी दुसऱ्या गावचेच सांगणार. दोष तिचा नव्हे, आमचा होता.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. एका ओळीने कोणी विद्वान होत नाही, हे आम्हांस मान्य आहे. ती ओळ म्हणजे जेवण नव्हे. पण भूक लावण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे. मात्र ओळ पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे कशावरून? हे दुसरीकडे कोठे पडताळता येईल? आणि ह्यात आपल्या गावचे काय राहून गेले? सत्तावीस फेब्रुवारीस ‘राजभाषा दिना’च्या शुभेच्छा धाडणाऱ्यांनी एवढे केले, तरी कळेल की तो दिवस कुसुमाग्रजांच्या जन्माचा, मराठी भाषा गौरव दिनाचा, राजभाषा दिन एक मे रोजी असतो.

आपल्या वसाहतीत वाचनालयाच्या दारी, नाहीतर चौकात, एक फळा लावावा. आज्जींकडून एक कानडी शब्द आणावा, शेजारच्या पद्मशाली काकांकडून मागाचा एक तेलुगू शब्द आणावा. रोज एक ओळ लिहावी आणि खाली ती कोठून घेतली तेही लिहावे. आणि मागच्या बाकावरून कोणी हात वर केला, तर त्याला खाली बसवू नये. आमचा सारा अभ्यास तशाच एका हातामुळे सुरू झाला.