मोठ्या इमारतीतलं वाय-फाय : जागा कशी ठरवावी?



एखादं मोठं रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. मधोमध लांबलचक व्हरांडा, दोन्ही अंगांना खोल्या. वाय-फाय बसवायचं ठरलं, की ॲक्सेस पॉइंट, म्हणजे छतावरची ती पांढरी चपटी पेटी, हमखास व्हरांड्यात ओळीनं लागते. केबल ओढायला सोपं, रुग्णांची झोपमोड नाही. आणि तिथेच घोडं पेंड खातं. मोकळ्या व्हरांड्यात लहरी लांबवर धावतात. पेट्यांना एकमेकींचं सगळं ऐकू येतं. खाटेशेजारी उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातातल्या टॅबलेटला मात्र भिंतीपल्याडचं जेमतेम मिळतं.

पेट्यांनी एकमेकींचं ऐकलं तर बिघडतं कुठे? वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. जवळच चौथी पेटी लावली, की ती आधीच्या कुणाच्या तरी वाट्याचा वेळ घेते. म्हणून ‘रेंज येत नाही, आणखी दोन लावा’ या उपायानं दुखणं पुष्कळदा वाढतं. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल बरीच जास्त आहेत. पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर क्षीण होतात.

पेटीची शक्ती वाढवली तर? पेटीचं बोलणं फोनला ऐकू येतं, फोनचं पेटीला येत नाही. स्क्रीनवर रेघा पूर्ण आणि कॉल तुटलेला!

म्हणून आधी माणसं पाहा : कोण कुठे बसतं, कोण फिरतं, गर्दी कुठे होते. मग भिंती पाहा. जिप्समचं पार्टिशन साधारण ३ डेसिबल खातं, म्हणजे शक्ती निम्मी. काँक्रीटची भिंत १० किंवा त्याहून अधिक, म्हणजे फार तर दहावा हिस्सा उरला. एक्स-रेच्या खोलीला तर शिशाचं अस्तर असतं. तिला स्वतंत्र पेटीच हवी. चालता चालता बोलणाऱ्याचा कॉल टिकावा म्हणून सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या (डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं माप) खाली जाऊ नये, असं सामान्यतः धरतात. आणि एका पेटीचा सिग्नल जिथे इतका उतरतो, तिथे पुढची पेटीही ऐकू यायला हवी.

हे कागदावर मांडून झालं, की प्रत्यक्ष मोजा. उंच स्टँडवर एक पेटी बॅटरीवर चालू करा, लॅपटॉप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरा. आणि दारं लावून मोजा, कारण रात्री ती बंदच असतात. पेटी फॉल्स सीलिंगच्या वर, एसीच्या पत्र्याच्या डक्टमागे दडवू नका.

प्रत्येक पेटीची केबल स्विचपर्यंत, म्हणजे या सगळ्या केबल जिथे जोडतात त्या यंत्रापर्यंत जाते, आणि तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. म्हणजे स्विच ठेवायची खोली कुठे, हे आर्किटेक्टच्या टेबलावरच ठरायला हवं. प्लंबिंग आणि वायरिंगच्या आराखड्याशेजारी वाय-फायचा आराखडा असावा, आणि तो करताना सिस्टरना, वॉर्डबॉयना विचारावं. रात्री अडीच वाजता रुग्णाचा रिपोर्ट कुठे उघडावा लागतो, हे त्यांनाच ठाऊक असतं.